चिलीम पाठीमागे

ते पुस्तक मला कॉलेजात असताना झेरॉक्सवर मिळालं. पानं मध्येच उलटी लावलेली, कडेच्या ओळी कापल्या गेलेल्या. बुलढाण्याहून उंद्रीला येताना एसटीत वाचायला घेतलं आणि माझं गाव मागे पडलं तरी मला पत्ता नाही.

लोणारच्या एका कापडवाल्याच्या पोरानं पंचविशीत लिहिलेली कादंबरी. चार मित्र कॉलेज सोडतात, सरोवराच्या काठी पडक्या देवळात बसून गांजा ओढतात आणि लग्नं, निवडणुका, नोकऱ्या, मास्तर, सगळ्यांना वऱ्हाडीत यथेच्छ शिव्या घालतात. एकदा तर चिलीम चढल्यावर ते आकाशाला नवसच बोलतात, की पुन्हा एक उल्का पाड आणि या खेपेला थेट तहसील कचेरीवर पाड. शेवटी नायक लोणारच्या स्टँडवर येतो, अडवायला आलेल्या बापाच्या तोंडावर धूर सोडतो, दिसेल त्या एसटीत चढतो आणि जातो. मरत नाही, सुधारत नाही, कुणाची माफी मागत नाही. बिघडलेल्या पोराचा असा शेवट मी कधी वाचला नव्हता. मला तो इतका आवडला, की याचा सिनेमा मीच करणार हे तेव्हाच ठरवून टाकलं.

करायला बरीच वर्षं गेली. लेखक आता सत्तरी ओलांडलेले, त्याच कापडाच्या दुकानात बसतात. अख्खं लोणार त्यांना चाचा म्हणतं. पुस्तक छापून आलं तेव्हा त्यांच्या वडिलांनी घरी आलेल्या प्रती गादीवर बसून फाडल्या आणि ब्लाऊज पीस बांधायला वापरल्या. गावातल्या बायकांनी घरी जाऊन पुड्या सोडल्या आणि पानं वाचलीही. चाचांना हे सांगताना अजून हसू येतं.

"कर बेटा पिक्चर," ते म्हणाले. "पण एक गोष्ट. त्याले मारायचं नाही, अन सुधरवायचं नाही."

"काऊन चाचा?"

"ते मंग सांगीन. आधी जबान दे."

मी दिली.

निर्माता पुण्याचा. त्याला आधी भाषा जरा स्वच्छ हवी होती. मी म्हटलं, भाषेला काय चिखल लागलाय? तो मुद्दा त्यानं सोडला. मग गाडी शेवटावर आली.

"नायक मेला पाहिजे, मॅडम. नाहीतर आपण व्यसनाचा प्रचार करतोय असं होईल."

"खाली इशारा टाका. हवं तर अर्धा पडदा भरून टाका."

"तो टाकूच. पण मरण पाहिजे. किंवा निदान आईच्या पायावर डोकं ठेवून रडणं."

माझं डोकंच फिरलं. जिवंत माणूस पडद्यावर चालत नाही आणि मेलेला मात्र संस्कारी ठरतो, हे गणित मला कधीच कळलं नाही. मी सरळ नाही म्हटलं. शूटिंगमध्ये मी नरमेन, असं त्याला वाटलं असावं. कारण तो वाद तसाच ठेवून आम्ही लोणारला पोचलो.

चौघं मित्र म्हणून मी आमच्याच भागातली पोरं घेतली होती. हिरो उंद्रीचा, मोबाईल दुरुस्त करणारा. पहिल्याच दिवशी घोळ. चिलमीत भरायला पुण्याहून वाळवलेल्या तुळशीची पुडी आली होती आणि पोरं हात लावायला तयार नाहीत. "गांजा भरा, आम्ही काही म्हणत नाही," हिरो म्हणाला. "पण तुळशीले आग लावत नसतात, ताई." दिग्दर्शक मी असले तरी तुळशीपुढे माझं काय चालणार? शेवटी पेरूची वाळलेली पानं चुरून भरली.

मग तो उल्केच्या नवसाचा प्रसंग. कॅमेरा चालू, देवळाच्या पायऱ्यांवर चौघं, हिरोनं असा दम मारला की मीच खूश झाले. तेवढ्यात चाचा शूटिंग बघायला पायवाटेनं हळूहळू उतरून आले. चौघं ताडकन उभे राहिले. चिलीम हिरोच्या पाठीमागे गेली. एकानं तर "सलाम चाचा" म्हणून घेतलं.

कॅमेरामननं कपाळावर हात मारला. पण त्या पोरांना तरी काय बोलणार? आमच्याकडे माणूस साठ वर्षांचा झाला तरी मोठा भाऊ समोर आला की विडी मुठीत जाते. हात आपोआप मागे जातो, त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

चाचा मात्र चिडले. "म्या लिवलं, अन माह्यापासूनच लपवून राह्यले बे?" मग पायरीवर बसले आणि माझ्याशी बोलू लागले.

"ते शेवटचं पान खोटं हाय, बेटा. अब्बा स्टँडवर आले ना, म्या बी चिलीम अशीच मांगं धरली. सदऱ्याले जळून भोक पडलं, कापडवाल्याच्या पोराच्या सदऱ्याले. अब्बा एक शब्द बोलले नाहीत. वळले अन चालू लागले. बस गेली अन मी त्याईच्या मांगं मांगं दुकानात आलो. तवापासून तिथंच हाय."

ज्या पानावर मी आयुष्य बेतलं होतं, ते पान त्यांनी कधी जगलंच नव्हतं.

निर्माता मागेच उभा होता. त्याचा चेहरा उजळला. "मॅडम, हाच शेवट. खरा आहे, वडिलांचा मान आहे, घरी परत येणं आहे. मरायचीही गरज नाही."

मी चाचांकडे पाहिलं. ते खाली सरोवराकडे बघत होते. मी म्हटलं, "जे घडलं ते त्यांनी जन्मभर भोगलंय. जे लिहिलंय ते त्यांना हवं होतं. मी लिहिलेलं दाखवणार. आणि चिलीम लपवली म्हणजे पोरगा सुधारला असं नसतं. लपवणारा सोडत नाही, फक्त घाबरतो."

दुसऱ्या दिवशी निर्मात्यानं दिवे गाडीत घातले आणि निघाला. बापाचं काम करणारा पुण्याचा नट त्याच गाडीत गेला. कॅमेरा कॅमेरामनचा स्वतःचा होता आणि तो हट्टी निघाला, थांबला. दिवसाउजेडी स्टँडवर शेवटचा प्रसंग घ्यायचा आम्ही ठरवलं. बाप कुठून आणायचा, एवढंच राहिलं होतं.

"मी राह्यतो उभा," चाचा म्हणाले. घरी जाऊन वडिलांच्या पद्धतीची काळी टोपी घालून आले.

एसटी लागली. हिरो दारापाशी, हातात चिलीम. चाचा गर्दीतून आले. आता त्यानं तोंडावर धूर सोडायचा. पोराचा हात काही ऐकेना, गेलाच पाठीमागे. मी थांबवलं नाही. चाचांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तळहात पुढे केला. हे कुठंच लिहिलेलं नव्हतं. पोरानं घाबरत चिलीम त्यांच्या हातात दिली. चाचांनी दम ओढला, खोकले, डोळ्यांत पाणी आलं. मग चिलीम त्याच्या हातात परत ठेवली.

"गाडी सुटून राह्यली. जाय."

पोरगा चढला. बस वळणावरून दिसेनाशी होईपर्यंत चाचा तिथंच उभे होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चिलमीत काय पालापाचोळा भरला वं?" आणि टोपी काढून डोळे पुसले. मीही पुसले, लपवले नाहीत.

सिनेमा अजून पडून आहे. मध्ये निर्मात्याचा निरोप आला. सगळं तसंच ठेवा, पैसे लावतो, फक्त शेवटी अंधारात बस उलटल्याचा एक आवाज टाका. मी कळवलं की बस लोणारहून वेळेवर सुटली आहे, रस्ता चांगला आहे, आणि आतला पोरगा तिकीट काढून खिडकीशी बसला आहे.