गोजाबाईची मूठ

मैंदर्गीच्या शिवारात पेरणीला गोजाबाईची मूठ लागायची. तिफणीमागं चालत लाकडी चाड्यात बी सोडायचं काम बायकांचं. तिच्या हातातून शाळू असा उतरायचा, की उगवल्यावर ना दाटी, ना मोकळी जागा. लोक मात्र गुण देत तिच्या कुंकवाला. चाड्यावर सवाष्णच हवी, ही आमच्या गावाची अक्कल! गोजाबाईचा नवरा हरिबा सोलापुरात दुसरी बाई करून राहिला होता, वर्षानुवर्षं फिरकला नव्हता. पण जिवंत होता ना? गावाला तेवढं पुरे. पेरणीच्या बदल्यात सुगीला घराघरातून धान्य यायचं, त्यावर तिचं एकटीचं वर्ष निघायचं.

बहात्तरच्या दुष्काळात सगळे खडी फोडून जगले. त्र्याहत्तरला हस्त बरसला, रानाला पेरण्याजोगा वापसा आला आणि ऐन पेरणीच्या तोंडावर सोलापूरला ट्रक नेणारा गावचा मकदूम तिच्या दारात येऊन उभा राहिला.

"आक्का, हरिबा गेला. त्या बाईनंच समदं उरकलं."

गोजाबाई खाली बसली. हळू आवाजात म्हणाली, "आनी कुनाला ठावं हाय?"

"न्हाय."

"मग पेरनी सरंस्तवर गप ऱ्हा, भाऊ. ह्या मुठीवर माजं पोट हाय."

मकदूमनं मान डोलावली.

रोज सकाळी नव्या घरची तिफण पुजली जाई. घरधनीण गोजाबाईच्या कपाळी कुंकू लावी, ओटी भरी, "जलमसावित्री हो" म्हणे. ती खाली वाकून नमस्कार करी. घरी रडायची सोय नव्हती, भिंतीला भिंत लागून शेजार. तिफणीमागं मात्र बैल हाकणाऱ्याचं लक्ष पुढं असे. तेव्हा ती रडून घ्यायची. हात चुकू द्यायची नाही. ज्यानं कधी विचारलं नाही त्याच्यासाठी एवढं रडू का यावं, याचाच तिला राग यायचा.

शेवटचं रान पेरून झालं आणि तिनं बातमी फोडली. बायका जमल्या, बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं.

त्या साली शाळू माणसाच्या डोक्यावर गेला. कणसं दाण्यांनी गच्च भरली. ठरलेलं धान्य तिला मिळालं. खळ्यावर जो तो म्हणे, "गावाचं नशीब लई चांगलं! पेरनी झाल्यावर बातमी आली." गोजाबाई पदर सावरून ऐकून घेई.

पुढच्या साली तिला कुणी बोलावलं नाही. तिच्या स्वतःच्या तुकड्यातसुद्धा दिरानं आपल्या नव्या सुनेला चाड्यावर धरलं. हिला बांधावर थांबायला सांगितलं, तेही लांबच्या. बी कुठं ढिगानं पडत होतं, कुठं पडतच नव्हतं.

मी तिच्या शेजारघरची पोर, तिच्यासाठी भाकरी घेऊन गेले तेव्हा ती तिथंच बसली होती. इतकी माणसं रानात असून तिच्याजवळ कुणी नव्हतं. तिनं मला शेजारी बसवून घेतलं आणि मकदूम आला त्या दिवसापासूनचं सारं सांगितलं. मग माझा हात घट्ट धरून म्हणाली,

"गेल्या साली गाव पोटभर जेवलं, पोरी, ते रांडमुंड बाईच्या हातचं. पर सांगू कुनाला?"