मगरीच्या चित्रातले ठिपके

अरविंद मोहिते गेल्याचं सुनंदावहिनींनी फोनवर सांगितलं, तेव्हा वृत्तपत्रातल्या सवयीने मी वय आणि वेळ विचारून घेतली. मग त्या म्हणाल्या, "माझ्यावर लिहिलंच तर मगरीचं आधी लिहायला सांग, असं म्हणून गेलेत." त्याला आता महिना होत आला. तेव्हा आधी मगरीचं.

मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात अरविंद माल तपासणीला होता. तयार झालेले भाग दिव्याखाली फिरवून पाहायचे, बारीकसा डाग दिसला तरी बाजूला काढायचे. परदेशी ऑर्डरी येऊ लागल्या तशी ती नजर आणखी कडक झाली आणि घरीही आली. "जेवायला बसलाय, तपासणीला नाही," असं वहिनी ऐकवत. डिजिटल कॅमेरे आवाक्यात आल्यावर त्याने एक घेतला आणि संध्याकाळी विश्वामित्री नदीच्या काठी जाऊ लागला. मगरी हालचाल करू लागतात त्याच सुमाराला उजेड संपतो. अशा उजेडात काढलेल्या चित्रात रंगीत कण उमटतात. फोटोवाले त्याला नॉइज म्हणतात, अरविंद कचरा म्हणे. सॉफ्टवेअरने जाईल तेवढा तो घालवी आणि उरलेला माउसने टिपत बसे, ठिपक्यामागून ठिपका.

ते चित्र जूनअखेरीचं. काठाशी मगर, पुढे काळं पाणी. टॉर्च वहिनींनी धरला होता. शहरातल्या छायाचित्रकारांच्या मंडळाने त्याला पहिलं बक्षीस दिलं. पाण्यात एक कण नव्हता. परीक्षकांनी त्याचंच कौतुक केलं. नाव अरविंदनेच दिलं होतं, 'एकटी'.

वहिनींनी चित्र पाहिलं ते थेट प्रदर्शनात. बराच वेळ पाहून त्यांनी विचारलं, "अहो, पिल्लं कुठं गेली?"

तो हसला. मग त्यांनी सांगितलं की मगरीच्या पुढ्यात पाण्यात पिल्लं होती, टॉर्चच्या उजेडात त्यांचे डोळे नारिंगी चमकत होते. कॅमेरा डोळ्याला असताना कुणी बोलायचं नाही हा त्याचाच नियम, म्हणून त्या बोलल्या नाहीत. त्यालाही दिसलीच असतील, असं त्यांनी धरलं होतं.

"नारिंगी?" एवढंच त्याने विचारलं... साफ केलेलं चित्र त्याने मूळ फाइलवरच साठवलं होतं. कॅमेऱ्याचं कार्डही केव्हाच रिकामं केलं होतं.

बक्षीस परत द्यायला तो गेला, तर मंडळाने घेतलं नाही. मगर आहे ना जागेवर, मग कशो वांधो नथी, असं सगळे म्हणाले. एकाने तर ठिपके पुन्हा घालून देतो म्हटलं, दोन मिनिटांचं काम. अरविंद म्हणाला, "कुठं होते ते मला ठाऊक नाही. एकदा न बघता पुसले, आता न बघता लावू?"

प्रदर्शन संपेपर्यंत तो कामावरून सुटला की येऊन त्या चित्राशेजारी उभा राही. एका बाईंनी कौतुकाने म्हटलं, "केटलुं चोख्खुं छे!" तो म्हणाला, "बेन, अहीं बच्चां हतां. में भूंसी नाख्यां." पिल्लं पुसून टाकली हे ऐकून बाई चमकून मागे सरल्या. लोक आपसांत हसत. मी त्याला बाजूला घेऊन म्हटलं, पुरे आता, घरी चल. त्याने मान वर केली नाही. "लाज वाटते म्हणून तर उभा आहे," म्हणाला, "घरी गेलो तर ती फक्त चित्राला वाटेल."

फोटो काढणं त्याने सोडलं नाही. पण संगणकावर एखादा ठिपका पुसायचा झाला तरी आतून हाक येई... "सुनंदा, बघ जरा." वहिनी पोळ्या टाकून, पिठाचे हात तसेच घेऊन येत. खात्री पटत नसेल तर ठिपका राही. पुढची त्याची सगळी चित्रं दाणेदार आहेत. एकालाही बक्षीस मिळालं नाही.

परवा निजामपुऱ्याला त्यांच्या घरी गेलो होतो. 'एकटी' बाहेरच्या खोलीत, त्याच्या खुर्चीसमोर आहे. खालच्या पट्टीवर त्याने स्वतःच्या अक्षरात लिहिलंय, 'इथे पिल्लं होती.' काचेवर, काळ्या पाण्याच्या जागी, एक ठिपका दिसला. मी खिशातून रुमाल काढला.

"थांबा," वहिनी म्हणाल्या. चष्मा लावून जवळ आल्या, वाकून पाहिलं, मान तिरकी करून पुन्हा पाहिलं.

"धूळ आहे," त्या म्हणाल्या. "पुसा."