राजासाठी चहा

महाराष्ट्रातून गावोगाव फिरत आलेला एक ऐतिहासिक खेळ तंजावरच्या मैदानावर लागला. खरे घोडे, खोट्या तोफा आणि भरपूर धूर. असल्या थाटावर माझा फारसा विश्वास नाही. मी गेलो तो आत्यासाठी. आम्ही पिढ्यान्पिढ्या इथलेच; आमची मराठी घरापुरती, तमिळमध्ये मुरलेली. तिकडच्या माणसांना ती मराठी वाटेल का, ही शंका आत्याला जन्मभर होती.

खेळ सुरू झाला आणि कर्ण्यांच्या गडगडाटात तिला एकही वाक्य कळलं नाही.

"बघ, मी बोलते ती मराठी नव्हेच," मध्यंतरात ती म्हणाली.

आम्ही चहाच्या टपरीवर गेलो, तर तिथे खेळातला राजाच उभा होता. चिलखत घालून टपरीवाल्याला खुणांनी काही समजावत होता. आत्या पुढे झाली.

"काय पाहिजे रे तुला?"

"चहा, आजी. साखर कमी घालायला सांगा ना."

आत्याने टपरीवाल्याला तमिळमध्ये दटावून सांगितलं आणि राजा चहा पिईपर्यंत त्याच्या घरच्यांची चौकशी केली.

मध्यंतरानंतर राजा घोड्यावरून गरजू लागला. मी विचारलं, "आता काही कळतं का?"

"एवढा ओरडतो कशाला?" आत्या म्हणाली. "मघाशी किती नीट बोलत होता."