डाव्या मुठीतली सुपारी

रायपूरच्या चौबे कॉलोनीत कुसुमताईंकडे पोहे खायला बसलेला माणूस पोह्यांपेक्षा त्यांच्या हातांकडेच जास्त बघायचा. उजवा हात लिंबू पिळायचा, तेव्हा डावा नुसताच हवेत पिळत असायचा. उजव्याने कुंकवाची चिमूट घेतली की डाव्याचीही बोटं जुळायची. जन्मापासूनचं हे असं. एका हाताला काम सांगितलं की दुसऱ्यानेही ऐकलंच समजा.

पुरानी बस्तीत त्या लहानाच्या मोठ्या झाल्या, तेव्हा याचं कौतुक कोणी केलं नाही. उजवा हात पाटीवर अक्षरं काढायचा आणि डाव्याची बोटं फ्रॉकवर वळवळायची. मास्तरांना वाटायचं, पोरगी चाळे करते. मग आईने, अंजनाबाईंनी, युक्ती काढली. कुसुमच्या डाव्या मुठीत एक सुपारी दिली आणि म्हणाल्या, "घट्ट धर. सोडली तं लोकं हासतील." मूठ आवळलेली असली की बोटं लपायची. शाळा, हळदीकुंकू, लग्नघर, सगळीकडे ती सुपारी कुसुमसोबत गेली.

हे कशामुळे झालं, तेही अंजनाबाईंनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं. कुसुमच्या वेळी, आठव्या महिन्यात, ग्रहण लागलं होतं. ग्रहणात गरोदर बाईने चिरायचं नाही, सोलायचं नाही, स्वस्थ बसायचं. आता अंजनाबाईंना आणि स्वस्थ बसणं! टोपलीभर मटार समोर होता, त्या सोलत बसल्या. पुढे पोरीचे दोन्ही हात एकदम चालताना पाहिले आणि त्यांनी मटार सोडला तो कायमचा. हिवाळ्यात घरात मटारभाताचा घमघमाट सुटायचा आणि या आपल्या वरणभात कालवत बसायच्या. कोणी आग्रह केलाच तर म्हणायच्या, "मले नाही पचत." खरं काय ते त्यांनी फक्त कुसुमला सांगितलं, तेही लग्नाच्या आदल्या दिवशी, डोळ्याला पदर लावून. "माह्या हातानं झालं पोरी."

नवरा गंगाधर, मूळचे वर्ध्याचे, रेल्वेत कारकून. पाहायला आले तेव्हा कुसुमने एका हाताने चहा दिला, दुसरा पदराखाली. गंगाधरांच्या नजरेतून काही सुटलं नव्हतं, पण विचारलं लग्नानंतर. "त्या मुठीत काय लपवून राहिली होती तू?" तिने भीत भीत सुपारी दाखवली. ते पोट धरून हसले. त्यानंतर दर दिवाळीला ती रांगोळीला बसली की हे महाशय शेजारी मांडी घालून तिचा डावा हात हातात घ्यायचे आणि डोळे मिटून उजवा काय काढतो आहे ते ओळखायचे. कमळ ओळखायचे, मोर हमखास चुकायचे.

मध्यप्रदेशातून छत्तीसगड वेगळं निघालं आणि रायपूर राजधानी झालं, तेव्हा रस्त्यावरून लाल दिव्यांच्या गाड्या निघाल्या. कुसुमताईंनी गच्चीवरून उजवा हात हलवला, डावाही हललाच. "मध्यप्रदेशले बी टाटा, छत्तीसगडले बी टाटा," गंगाधर म्हणाले, "तुयं बरं आहे." पुढे ते वारले, आणि दिवाळीत रांगोळी काढताना कुसुमताईंचा डावा हात अजून त्यांची वाट बघतो.

मुलगा गौतम यातून सुटला, म्हणून त्या निर्धास्त होत्या. पण नात देवश्री लिहायला लागली आणि तिचीही डावी बोटं नाचू लागली. शाळेतून तक्रार आली. कुसुमताईंनी ट्रंकेतून ती गुळगुळीत झालेली सुपारी काढली आणि पोरीच्या मुठीत दिली. प्रेमानेच दिली. सुनेचा, निवेदिताचा, चेहरा उतरला.

संध्याकाळी ती जवळ येऊन बसली. "आई, देवश्रीच्या वेळी ग्रहण होतं. तुम्ही नको म्हटलं तरी मी ऑफिसला गेली होती. दिवसभर टायपिंग केलं, दोन्ही हातांनी. मेरी ही ग़लती है ना?"

कुसुमताईंनी तिच्याकडे पाहिलं. समोर अंजनाबाईच बसल्या होत्या जणू. ही पण आता जन्मभर काहीतरी सोडून बसणार.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ," त्या म्हणाल्या.

पूर्वी अशा दुखण्यासाठी नागपूर गाठावं लागायचं. आता मेंदूचे डॉक्टर रायपुरातच होते. डॉक्टर पद्मिनी अमरावतीकडच्या निघाल्या. त्यांनी आजी आणि नात दोघींना बोटं हलवायला लावली, तपासण्या केल्या, आणि पुढच्या खेपेला समजावून सांगितलं. बाळ पोटात घडत असताना मेंदूतून हातांकडे निघालेले तंतू मधली रेघ ओलांडून पलीकडे जातात. त्यांना वाट दाखवायला नेट्रिन नावाचं एक प्रथिन असतं. फोडणीच्या वासाने माणसं स्वयंपाकघराकडे वळतात, तसे तंतू त्याच्या मागाने जातात. काही घराण्यांत हा वास सगळ्या तंतूंना नीट पोचत नाही. मग एका हाताचा निरोप दोन्हीकडे जातो. एखादी पिढी सुटतेही. औषध नाही, पण भीतीही नाही. पोरीला लिहायला वेळ जास्त द्या, बस.

"डॉक्टर," कुसुमताईंनी विचारलं, "आठव्या महिन्यात ग्रहणात कोणी मटर सोलले असतील तं?"

"आजी, हे मूळ रक्तातच असतं. आणि त्या वाटा आठव्या महिन्याच्या खूप आधी आखून झालेल्या असतात. सोलून काय होणार?"

निवेदिताने मोठा श्वास सोडला. कुसुमताई मात्र तिथेच, खुर्चीत, हमसून हमसून रडल्या. डॉक्टरांना वाटलं, नातीसाठी रडताहेत.

पौषात अंजनाबाईंची पुण्यतिथी आली. आजी आणि नात मटार सोलायला बसल्या. त्या कामाला दोन्ही हात लागतातच, त्यामुळे कोणाचं काही वेगळं दिसत नव्हतं.

"आजी, मेरी सुपारी?" देवश्रीने विचारलं.

"नाही लागत आता. हात मोकळे ठेव."

दरवर्षी आईच्या नावाच्या पानात वरणभात असायचा. यंदा कुसुमताईंनी त्यावर मटारभाताची मूद पाडली आणि पान पुढे सरकवलं.

"आई, खा आता," त्या म्हणाल्या. "तुह्या हातानं काहीच झालं नव्हतं."