स्थळ बघायला गेलो आणि कागद ओढून आलो

कराडच्या स्टँडवर मला पुण्याच्या गाडीत बसवायला दादा स्वतः आला होता, आणि ही गोष्ट साधी नव्हे. दादा माझा थोरला भाऊ, हायस्कूलचा निवृत्त मुख्याध्यापक, दर गणेशोत्सवात व्यसनमुक्तीवर भाषण ठोकणारा. मी साखर कारखान्यातून निवृत्त झालेला, आणि मिसरूड फुटल्यापासून विडी ओढणारा. त्याच्यासमोर मात्र कधी ओढली नाही. तो दिसला की मी विडी टाकायची आणि त्याने पलीकडे बघायचं, आमच्यात थोरल्याचा मान असाच राखतात. माझी विडी साऱ्या गल्लीला ठाऊक होती, फक्त आम्हा दोघांना ठाऊक नव्हती.

भानगड अशी झाली, की पुण्यात नोकरी करणाऱ्या दादाच्या मुलीने, सायलीने, वारज्याचा एक मुलगा पसंत केला. घर खातंपितं, मुलगा शिकलेला. धंदा काय, तर रोलिंग पेपर (तंबाखू भरून विडीसारखे वळायचे पातळ कोरे कागद) विकतो. तेही चवीचे. आंबा, स्ट्रॉबेरी, चॉकलेट. पोरीने हे बापाला तोंडावर सांगितलं आणि रजा टाकून घरी येऊन बसली. दादा आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. मग त्याने मला बोलावलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत म्हणाला, "तू जाऊन बघून ये. तुला त्यातलं... म्हणजे तुला माणसं कळतात. तू हो म्हणालास तर हो, नाही म्हणालास तर विषय संपला."

घराण्यातला एकमेव बिघडलेला माणूस अखेर तज्ज्ञ म्हणून नेमला गेला! मी खुशीत पिशवी उचलली. पण निघताना सायली दारात आली आणि हळूच म्हणाली, "काका, माझ्यासाठी म्हणून खोटं बोलू नका. फक्त नीट बघा." तिचे डोळे सुजलेले होते. मी मस्करी न करता मान डोलावली.

गाडी खंबाटकीच्या अलीकडे चहाला थांबली. तिथली मिसळ तर्रीच्या जोरावर विकली जाते, मटकी शोधून खावी लागते. शिरवळनंतर ऊस संपून कारखाने लागले, आणि कात्रजचा बोगदा आला तसा शेजारचा गृहस्थ म्हणाला, "आलं पुणं." त्यानंतर बराच वेळ ते नुसतं येतच राहिलं.

वारज्याला जेवणानंतर जायचं होतं. स्वारगेटला उतरलो तर हाताशी वेळ होता, तेव्हा परीक्षेआधी थोडा अभ्यास करावा म्हणून मार्केट यार्डाकडे गेलो. कांद्याचे ट्रक, पाठीवर पोती घेऊन पळणारे हमाल, आणि मध्ये उभं राहणाऱ्याला "ओ पाव्हणं, सरका!" गेटाबाहेर बिबवेवाडीच्या बाजूला एक पानटपरी होती. मालक शेखभाई, पांढरी दाढी, इस्त्रीचा सदरा.

"चवीचे कागद आहेत का?" मी विचारलं.

"आहेत. कुणाला पाहिजेत?"

"मलाच."

त्याने माझ्या टोपीपासून चपलांपर्यंत पाहिलं. "आपलं वय?"

"त्रेसष्ट."

"मग घ्या. बिघडायचं वय गेलं आपलं."

"यातला चांगला कोणता?"

"अहो, चांगलं हवं असेल तर आत यार्डात संत्री आलीयेत," शेखभाई म्हणाला आणि पान लावू लागला.

मी स्ट्रॉबेरी आणि चॉकलेट घेतलं. खिशातल्या विड्या उकलून त्यांची तंबाखू काढली आणि टपरीच्या आडोशाला वळायला बसलो. विडीचं पान हाताचं ऐकतं, हा कागद वाऱ्याचं ऐकतो. पहिला फाटला. दुसऱ्याची डिंकाची कड चाटली तर तो थेट मिशीला चिकटला. पोतं टेकवून उभा असलेला एक हमाल म्हणाला, "काका, तिकीट लावताय का? कुठं पाठवायचंय स्वतःला?"

अखेर वळला. स्ट्रॉबेरीचा पहिला झुरका म्हणजे शाळेतलं सुगंधी खोडरबर जाळून ओढल्यासारखा. तिसऱ्या झुरक्याला खोडरबर गेलं आणि नुसती विडी उरली. चॉकलेटचं पाकीट उघडल्यावर वास बरा होता, पण पेटवल्यावर दूध उतू जाऊन शेगडीला लागावं तसा झाला. शेखभाईने मला खोकताना पाहून न मागता पाणी दिलं. "तरी बरं, नारळाचा नाही घेतलात," म्हणाला.

उरलेली पाकिटं वरच्या खिशात घातली, हीच चूक झाली. वारज्याच्या शहर बसमध्ये गर्दी आणि घाम, आणि माझ्या छातीतून स्ट्रॉबेरीचा दरवळ. समोरची बाई नाक उडवून म्हणाली, "कुणाचं तरी खोकल्याचं औषध सांडलंय." सगळे आपापल्या पिशव्या तपासू लागले. मीही तपासली.

वारज्यात हायवेच्या पुलाखाली उतरलो. वर मोटारींचा ओघ, बाजूला उंच इमारती, आणि त्यांच्या मागे दबून बसलेलं जुनं गावठाण. मुलाचे वडील बापूसाहेब घ्यायला आले होते. कडक पांढरा शर्ट, बोटात अंगठ्या, मोठ्या मनाचा माणूस. त्यांनी आपल्याच इमारतीच्या तळमजल्यावरचं दुकान दाखवलं. वर कोरी करकरीत पाटी: स्टेशनरी. आत वह्यांचे गठ्ठे, कंपासपेट्या, आणि उदबत्ती तर इतकी की देऊळ बरं.

"पोराचा धंदा हा असा," बापूसाहेब म्हणाले. "शाळेच्या वस्तू. सोज्वळ काम हाय."

मुलगा, ओंकार, गल्ल्यामागे उभा होता. उंच, शांत, मान खाली.

मी म्हणालो, "एक शंभर पानी दुरेघी वही द्या बरं."

ओंकारने वडिलांकडे पाहिलं. वडिलांनी गठ्ठ्यांकडे पाहिलं. मग दोघांनी मिळून मला चित्रकलेची वही दिली.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मुलीचे वडील व्यसनमुक्तीवाले, त्यांचा भाऊ बघायला येणार, म्हणजे भाऊही तसलाच, असा हिशोब करून या लोकांनी सगळा माल दडवला होता आणि रातोरात वह्या भरल्या होत्या. आम्ही तिकडून मुद्दाम विडीवाला पाठवला, आणि यांनी इकडे त्याच्यासाठी शाळा उघडली! एरवी मी पोट धरून हसलो असतो. पण हा मुलगा असाच मान खाली घालून उभा राहिला, तर मला घरी जाऊन नाही म्हणावं लागणार होतं. सायलीला मी काय सांगणार होतो?

मी वाट मोकळी करून दिली. "बाकी काही ठेवता का? कागदबिगद?"

"छे छे," बापूसाहेब म्हणाले. "आमच्या घरात सुपारीचं खांडबी न्हाय."

ओंकार नुसता कंपासपेट्या सरळ लावत राहिला. मला त्याचा राग आला, खराखुरा राग.

तेवढ्यात दुकानासमोर एक मोटरसायकल थांबली. पाठीवर जेवणाच्या डब्यांची मोठी पेटी लावलेला माणूस आत आला. "ओंकारभाऊ, मँगो द्या ना एक. आणि हे काय, शाळा काढली काय?"

बापूसाहेब पुढे झाले. "अहो, चुकलं तुमचं दुकान. पुढं बघा."

तो माणूस गोंधळला आणि वळला. दारापर्यंत गेलाही.

"थांबा," ओंकार म्हणाला. "दुकान बरोबर आहे." मग माझ्याकडे वळून, सरळ माझ्या डोळ्यांत बघत म्हणाला, "काका, सॉरी. मी वह्या विकत नाही. या कालच आणल्या. मी रोलिंग पेपर विकतो, आणि रोजच्या गिऱ्हाइकाला मी असं दारातून परत पाठवणार नाही. तुम्हाला पटलं नाही तर सायलीला मी स्वतः सांगतो."

बापूसाहेब मटकन वह्यांच्या गठ्ठ्यावर बसले. आणि आतल्या दारातून आवाज आला, "सुटली बाबा माझी खाट! समदी खोकी माज्या खाली घातल्यात. रातभर आंब्यात झोपले मी."

ही ओंकारची आजी. ओठात मिश्री, हातात काठी. मी खिशातून विड्यांचं बंडल काढून गल्ल्यावर ठेवलं, तेव्हा बापूसाहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "अहो, पण तुम्ही तर व्यसनमुक्ती..."

"ते दादा. मी मुक्त व्हायचा राहिलो."

मग मागच्या पडवीत आजीसमोर खरी पाहणी झाली. आंब्याला आंब्याचा नव्हे, आंब्याच्या गोळीचा वास. पानाच्या चवीचा ओढला तर पंगत उठल्यावरच्या सतरंजीची आठवण झाली, तरी दगडापेक्षा वीट मऊ. आजीने प्रत्येक कागद हुंगला आणि बाजूला टाकला. "मी जल्मभर मिसरी लावली. वाईट हाय म्हाईत हाय, पण तिला कधी फळाचं सोंग न्हाय दिलं."

"ओंकार, तू कोणता ओढतोस?" मी विचारलं.

"मी ओढत नाही, काका. पण खरं सांगू? सगळे भिकार आहेत. चव फक्त कडेला असते. दोन झुरके, मग धूर तो धूर. कुणी विचारलं तर मी साधाच घ्या म्हणतो. लहान पोरांना देत नाही, त्यावरून भांडणं झालीत माझी."

"मग लोक चवीचा का घेतात?"

"पाकीट छान असतं," तो म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. हसताना गालावर खळी पडत होती. पोरीची निवड वाईट नव्हती.

त्यानंतर ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचा ठेचा आणि दुधीची भाजी असा आग्रह झाला, की परतीची गाडी जेमतेम मिळाली. वाटेत मला सारखं वाटत होतं, की आपण माणसं पाहुण्यांपुढे फार आवराआवर करतो. सतरंजी झटकतो, बाटल्या लपवतो, धंदा लपवतो. पाहुणाही आपलं काहीतरी खिशात लपवूनच आलेला असतो. दोघं चहा पिऊन निघून जातात आणि सोयरीक दोन खोट्या घरांत ठरते.

घरी पोचलो तेव्हा दादा ओसरीवरच बसला होता. सायली आतल्या उंबऱ्याशी उभी होती, मला दिसेल अशी. मी काहीही न गाळता सगळं सांगितलं, खोटी पाटी, दडवलेली खोकी, आणि मी काय काय ओढलं तेही. दादासमोर "ओढलं" हा शब्द मी जन्मात पहिल्यांदा उच्चारला.

दादाने वळून सायलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "माल कसा आहे?"

"भिकार."

"आणि मुलगा?"

"माल भिकार आहे, हे त्यानेच सांगितलं. वर बापासमोर दुकान खरं करून दाखवलं. माझं विचारशील तर हो."

दादाने फोन घेतला आणि वारज्याचा नंबर फिरवला. पलीकडून बापूसाहेब काहीतरी घाईघाईने सांगू लागले असावेत, कारण दादाने त्यांना मध्येच थांबवलं. "अहो, राहू द्या त्या वह्या. तुमचा मुलगा काय विकतो ते कुणी विचारलं तर मी सांगीन, माझ्या तोंडाने. आम्हाला तो पसंत आहे."

सायली धावत आली आणि बापाच्या गळ्यात पडून रडू लागली. दादाला असल्या गोष्टींची सवय नाही. तो अवघडून तिच्या पाठीवर थोपटत राहिला आणि तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत म्हणाला, "चुळबुळ करू नकोस. ओढायची असेल तर ओढ इथेच."

मी खिशातून विडी काढली, काडेपेटी काढली, आणि दोन्ही तशीच हातात धरून बसून राहिलो. तलफच गेली होती.