मेव्हण्याच्या लावणीचं रसग्रहण

माझ्या मेव्हण्याने केलेल्या लावणीच्या व्हिडिओत एकही नर्तिका नाही. त्यात एक शेत आहे, वाकून कांद्याची रोपं लावणाऱ्या बाया आहेत, विड्याची पिंक टाकणारी एक म्हातारी आहे आणि काळा गॉगल लावलेला खुद्द मेव्हणा आहे. या व्हिडिओचं सविस्तर रसग्रहण आजवर एकाच माणसाने केलं. तो माणूस मी. (चाणाक्ष वाचकाच्या एव्हाना काही तरी लक्षात आलं असेल. माझ्या आलं नाही. म्हणून तर हा लेख!)

सुरुवात जेवणाच्या टेबलावर झाली. आमची मुलगी मुक्ता नाशिकच्याच एका कॉलेजात पत्रकारिता शिकते. तिला शेवटचा प्रकल्प मिळाला होता : गाण्याचा एक व्हिडिओ निवडा आणि त्यातली दृश्यं त्या गाण्याशी, गाण्याच्या प्रकाराशी कशी जुळतात ते वर्गासमोर मांडा. परीक्षक बाहेरच्या येणार होत्या. ज्याचं सादरीकरण त्यांना सगळ्यात आवडेल, त्याला पुण्यात उन्हाळी प्रशिक्षणाची जागा मिळणार होती. जागा एकच. मुक्ताला ती हवी होती. इतकी, की त्या आठवड्यात तिने फोन आपणहून बाजूला ठेवला होता.

"मी सुरेशमामाची लावणी घेणार," ती म्हणाली.

माझ्या बायकोने, वैशालीने, पोळी तव्यावर तशीच सोडली. "सुऱ्याची? अगं, ती बघून तुझ्या आजीने टीव्ही बिघडला म्हणून बंद केला होता!"

"म्हणूनच. बाकीचे सगळे गाजलेली गाणी घेणार. त्यांचं विश्लेषण नेटवर तयार मिळतं. मामाच्या व्हिडिओवर कोणीच काही लिहिलेलं नाही."

"कोण लिहिणार? ज्यांनी बघितला ते सगळे नातेवाईक आहेत!"

मी शांतपणे हात पुसले आणि म्हणालो, "मी बघतो."

हे दोन शब्द मी वृत्तपत्राच्या डेस्कवर आयुष्यभर वापरत आलो आहे. दुसऱ्याच्या मजकुरात त्याला स्वतःलाही न दिसलेला अर्थ शोधून त्याचा मथळा करणं, हे माझं काम.

आता गाण्याविषयी. सुरेश सातपूरला एका कारखान्यात लेथ मशीन चालवतो आणि सुटीच्या दिवशी ढोलकी वाजवतो. लावणी त्याने स्वतः लिहिली, एका चांगल्या गायिकेकडून गाऊन घेतली. वाट पाहून वैतागलेली बाई त्यात विचारते, 'विडा रंगला, गजरा सुकला, राया कुठं हो गुंतला?' गाणं खरंच चांगलं आहे. डोळे मिटून ऐकावं.

मी डोळे उघडे ठेवले. 'विडा रंगला' म्हणताना म्हातारी पचकन थुंकते. 'गजरा सुकला'ला उन्हात माना टाकलेली रोपं दिसतात. 'राया कुठं हो गुंतला' या ओळीवर गॉगलवाला सुरेश ऐटीत बांधावरून येतो, ठिबकच्या नळीत त्याचा पाय अडकतो आणि तो चित्रातून नाहीसा होतो.

मी व्हिडिओ थांबवला. माझ्या अंगावर काटा आला.

"मुक्ता, लिहून घे. बाया कॅमेऱ्याकडे पाठ करून आहेत. लावणीत स्त्री प्रेक्षकाच्या डोळ्यांत डोळे घालून बघते. इथे ती बघायलाच नकार देते! हा विद्रोह आहे."

"बाबा, त्या रोपं लावतायत."

"वरवर. ठिबकची नळी म्हणजे आधुनिकता. आजचा राया कुठल्याही बाईत गुंतलेला नाही, तो तंत्रज्ञानात गुंतलेला आहे. आणि कोसळलेला आहे!"

"आणि गॉगल?" वैशालीने स्वयंपाकघरातून विचारलं.

"पुरुषाचं आंधळेपण."

"त्याचे डोळे आले होते हो तेव्हा."

"कलेत योगायोग नसतो," मी म्हणालो. (हे वाक्य मी त्याच क्षणी तयार केलं. पुढे ते फार महागात पडलं.)

रविवारी सुरेश घरी आला, तेव्हा मी त्याला समोर बसवून सगळं रसग्रहण वाचून दाखवलं. तो ऐकत गेला. आधी त्याचा चहा गार झाला, मग त्याचं तोंड उघडं राहिलं.

"दाजी, एवढं सगळं मी केलंय?"

"नकळत. मोठे कलावंत नकळतच करतात."

"पण दाजी, ती नळी… मी म्हणजे… पडलो हो मी! गुडघा लय सुजला होता."

"तेच तर! अभिनय असता तर गुडघा सुजला असता का?"

मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला उलट बोलायचं नाही, असे त्याच्यावर संस्कार आहेत. तो उठून स्वयंपाकघरात गेला. मुक्ता त्याच्या मागोमाग गेली आणि दोघं बराच वेळ कुजबुजत होते. मधेच वैशालीचं हसू फुटलं. मी विचारलं, तर "मिरचीची फोडणी लागली" असं सांगण्यात आलं. हसू आणि ठसका यातला फरक मला कळतो, पण मी तेव्हा समारोपाच्या परिच्छेदात होतो.

सादरीकरणाला पालकांना बसायची मुभा होती. मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. सुरेशही पहिली पाळी बदलून आला आणि माझ्या शेजारी बसला. मुक्ता उभी राहताच त्याची चुळबुळ सुरू झाली.

"दाजी, जरा बाहेर चहा घेऊ या का?"

"आत्ता?"

"मग कॉफी?"

परीक्षक बाई कडक होत्या. आधीच्या मुलांच्या सादरीकरणात त्या एकदाही हसल्या नव्हत्या. पडद्यावर व्हिडिओ संपला, तसा त्यांनी चष्मा काढला.

"ही लावणी आहे?"

"हो मॅडम," मुक्ता म्हणाली. "मामाने कारखान्यातून फोन करून शूटिंगवाल्याला सांगितलं, सकाळी लवकर वणीला ये, लावणी आहे, बाया असतील. मामाच्या सासरी, वाड्याच्या अंगणात शूटिंग होतं. नाचणाऱ्या मुलींची गाडी वाटेत बंद पडली. शूटिंगवाला मात्र वेळेवर पोचला. त्याने मामाच्या सासऱ्यांना विचारलं, लावणी कुठं हाय? त्यांनी शेताकडे बोट दाखवलं. म्हणाले, ही काय, आज उरकायचीच हाय."

वर्ग हसायला लागला. मी सुरेशकडे पाहिलं. तो पंख्याकडे बघत होता.

"मामा त्याला शोधत बांधावरून आला, तो नळीत अडकून पडला. मुली आल्या, तेव्हा कॅमेऱ्याची बॅटरी संपली होती आणि शूटिंगवाल्याला दुपारी एका हळदीला जायचं होतं. मग आहे तेच चित्रण मामाने गाण्याला जोडलं."

"मग यात विश्लेषण कशाचं करायचं?" बाईंनी विचारलं.

ती पुण्याची एकुलती जागा माझ्या डोळ्यांसमोरून निघून चालली होती.

मुक्ताने आवाज बंद करून व्हिडिओ पुन्हा लावला. "आता फक्त हात बघा. रोप टेकवलं, दाबलं, पुढे सरकलं." मग तिने आवाज सुरू केला. ढोलकीचा ठेका आणि बायांचे हात बरोबर जुळत होते. "नुसतं गाणं ऐकलं, तर ही शृंगाराची लावणी आहे. पण या चित्रांवर 'राया कुठं हो गुंतला' ऐकलं, की वाटतं, उन्हात राबणाऱ्या बाया बांधावरच्या मालकाला टोमणा मारतायत. शब्द तेच, चाल तीच. दृश्यांनी गाण्याचा प्रकार बदलला. हे आता कामाचं गाणं झालं."

बाई पुढे सरकून बसल्या. "म्हणजे हा लावणीचा व्हिडिओ आहे की नाही?"

"आहे ना मॅडम. फक्त कांद्याच्या."

बाई हसल्या. चांगल्या खळखळून हसल्या. जागा मुक्ताला मिळाली, हे संध्याकाळी रीतसर कळलं, पण वर्गात ते तेव्हाच सगळ्यांना कळलं होतं.

मी समाधानाने उठणार, इतक्यात मुक्ता म्हणाली, "शेवटची एकच स्लाइड." पडद्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अतिविश्लेषण : एक नमुना'. त्याखाली आंधळेपण, विद्रोह, तंत्रज्ञानात कोसळलेला राया आणि 'कलेत योगायोग नसतो' हे सगळं अवतरणचिन्हांत होतं.

"हे कोणी लिहिलंय?" बाईंनी डोळे पुसत विचारलं.

सुरेशने अभिमानाने माझा हात धरून वर केला. "हे आमचे दाजी!" मुक्ताने बटण दाबलं आणि स्लाइडवर सगळ्यांत खाली आणखी एक ओळ उमटली.

डेस्कवरच्या माणसाचं नाव छापून येत नाही. दुसऱ्यांच्या मजकुराला दुसऱ्यांची नावं लावण्यातच माझी नोकरी सरली. माझ्या मजकुराखाली माझं पूर्ण नाव, हुद्द्यासकट, पहिल्यांदा झळकलं ते भिंतभर पडद्यावर, भरल्या वर्गात. मी ते बारकाईने तपासलं. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती!