चंदेरी कागदातलं औषध

भाचीच्या प्रयोगशाळेत शिरताच माझा हात सवयीने दिव्याच्या बटणाकडे गेला.

"मावशी, दिवा नको!" ती ओरडलीच.

टेबलावर चंदेरी कागदात पोळीसारखी गुंडाळलेली एक छोटी बाटली होती.

"औषध झोपलंय त्यात. जखमेवर लावून उजेड पाडला, की जागं होतं आणि तिथलेच जंतू मारतं."

तिच्या बाबांच्या पायाची न भरणारी जखम मला आठवली. "बाबांना मिळेल?" मी विचारलं.

"त्यांच्या वेळेपर्यंत नाही तयार होणार गं, अजून बरीच वर्षं लागतील," म्हणत ती औषधाला न जागवणाऱ्या अंधुक लाल दिव्याखाली पुन्हा कामाला लागली. उजेडावर इतका भरवसा ठेवणारी ही पोर दिवसदिवस अंधारात बसते, याचं मला फार कौतुक वाटलं.

बाहेर कडक ऊन होतं. दार फटभर उघडून मी अंग चोरून निघाले आणि लगेच ते ओढून घेतलं. आत कुणाच्या तरी बाबांचं औषध झोपलं होतं.